रुळांची आखणी: गाडी जाणार कुठे?

हिवाळा आला की इथल्या दुकानांच्या काचेमागे, ख्रिसमसच्या झाडाभोवती गोल गोल फिरणारी छोटी आगगाडी दिसू लागते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ती येतेही. मुले आठवडाभर नाचतात, महिनाभर खेळतात आणि बर्फ वितळायच्या आत खोके बेसमेंटच्या कोपऱ्यात जाऊन पडते. पुढच्या उन्हाळ्यात गॅरेज सेलमध्ये तेच खोके मातीमोल किमतीला निघते. "आमच्या मुलांना कशातच रस टिकत नाही" असे आपण म्हणून मोकळे होतो. पण मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गाडी चांगली असते, मुलेही चांगली असतात. कमी पडते ती रुळांची आखणी.

गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एका घराच्या बेसमेंटमध्ये छोटी रेल्वे उभी केली. प्रयोगशाळा, दवाखाना आणि संगणक एवढीच आम्हा मोठ्यांची विद्या. मुले पाच, वय सहा ते तेरा. आमच्यात रेल्वेतले असे एकच, एका घरचे आजोबा. मध्य रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. ते ऑक्टोबरात आले होते आणि मार्चमध्ये परत जाणार होते.

आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस नवलाईचे. मग बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, आपण कामावर, मुले शाळेत. मुले घरी आली की गृहपाठ आणि टीव्ही. आजोबांचे मराठी आणि नातवाचे इंग्रजी यांची गाठ पडते ती जेवणाच्या टेबलावर, आणि तिथेही "अजून भात हवा का" याच्या पुढे गाडी जात नाही. आमच्या रेल्वेमागे हौस होतीच, पण खरे कारण हे होते. आजोबा आणि ही पाच मुले यांना एकत्र करायला काही काम हवे होते.

सुतारकाम, रंगकाम, डोंगर आणि झाडे कशी करायची यावर पुस्तके भरपूर आहेत. हे टिपण त्याच्या आधीच्या एकाच निर्णयापुरते आहे: रूळ कोणत्या आकारात टाकायचे? हा निर्णय दुकानात जाण्यापूर्वी घेतला तर पैसे वाचतात आणि हौसही टिकते.

आधी मापाचा हिशेब

अमेरिकेत सर्वांत जास्त चालणारे माप एचओ. यात सर्व काही खऱ्याच्या १/८७ असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. एन हे त्याहून लहान, १/१६०, रुळांत अंतर ९ मिलिमीटर. जागा कमी असेल तर एन मोहात पाडते, पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते डबे रुळावर चढवणे जड जाते. मुले लहान असतील तर एचओ बरे.

इंग्लंडमधल्या भावाने भेट म्हणून डबे आणले तर ते बहुधा ओओ मापाचे, म्हणजे १/७६ असतील. रुळांचे अंतर तेच असल्याने ते आपल्या रुळांवर धावतात, पण शेजारी उभे केले की थोडे थोराड दिसतात आणि जोडणीचा आकडाही बहुधा वेगळा निघतो.

आता खऱ्या रेल्वेला ८७ ने भागून पाहू. मध्य रेल्वेचा जुना निळा डबा सुमारे २२ मीटर लांब. चोवीस डब्यांची गाडी एचओमध्ये सहा मीटर, म्हणजे वीस फूट होते. ती उभी करायला लागणारा फलाटच आपल्या बेसमेंटच्या भिंतीपेक्षा मोठा! नेरळ ते माथेरान ही एकवीस किलोमीटरची लाइन १/८७ केली तरी २४० मीटर भरते. तेव्हा खरी लाइन जशीच्या तशी कोणालाच करता येत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. आखणी म्हणजे हेच ठरवणे.

गोल

दुकानात प्लायवूड चार फूट बाय आठ फूट मिळते, म्हणून बहुतेकांची पहिली रेल्वे त्या फळीवर बसते. बावीस इंच त्रिज्येची वळणे दोन्ही टोकांना टाकली की कडेला दोन-दोन इंच उरतात आणि मधे चार-चार फुटांचे सरळ रूळ येतात. सगळा फेरा सुमारे २३४ इंच, म्हणजे साडेएकोणीस फूट.

खऱ्या गाडीचा ताशी ६४ किलोमीटर वेग घ्या. त्याला ८७ ने भागले तर छोटी गाडी सेकंदाला आठ इंच जाते. म्हणजे एक फेरा अर्ध्या मिनिटाच्या आत पुरा. दहा मिनिटांत वीस फेरे, आणि विसावा फेरा पहिल्यासारखाच. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे पुरते. त्याला गाडी चालताना पाहण्यातच आनंद असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र करायला काहीच उरत नाही. मग तो वेग वाढवतो, गाडी वळणावरून खाली पडते आणि खेळ संपतो.

फळीचा आणखी एक दोष कागदावर दिसत नाही. चार फूट रुंदीच्या मध्यापर्यंत हात पोचायला दोन्ही बाजूंनी उभे राहायला जागा लागते. चारी बाजूंना दोन-दोन फूट सोडले तर ३२ चौरस फुटांची फळी प्रत्यक्षात आठ बाय बारा, म्हणजे ९६ चौरस फूट जागा खाते. भिंतीला टेकवली तर मागच्या वळणावर पडलेला डबा उचलताना पुढचे स्टेशन कोपराखाली जाते.

आठाचा आकडा

दुसरा मोह इंग्रजी आठाचा, म्हणजे एक रूळ दुसऱ्याच्या वरून पुलाने नेण्याचा. दिसायला झकास. पण खालून गाडी जायची तर रुळापासून पुलाच्या खालच्या कडेपर्यंत तीन इंच हवेत, आणि पुलाची जाडी धरून वरचा रूळ सुमारे चार इंच उंच जातो. छोट्या गाडीला शंभरात दोन हा चढ सोयीचा. त्या चढाने चार इंच वर जायला २०० इंच, म्हणजे जवळजवळ सतरा फूट रूळ लागतो, आणि तितकाच पुन्हा खाली उतरायला. चार बाय आठच्या फळीवर एवढी लांबी मिळत नाही. मग चढ शंभरात चार किंवा पाच होतो, इंजिनाची चाके जागेवर फिरतात आणि मागचे डबे एकेक करून कमी करावे लागतात. शेवटी दोन डब्यांची गाडी मोठ्या पुलावरून जाते.

परतीचा वळसा

तिसरा प्रकार म्हणजे लाइनच्या टोकाला वळसा घालून गाडी त्याच रुळावर उलट्या दिशेने आणणे. हा वळसा किमान चार फूट रुंदीची जागा मागतो, आणि त्यात विजेचा एक पेच आहे.

आम्ही रसायनवाले, त्यामुळे आम्हाला तो विद्युत्‌विघटनाच्या भांड्यावरून चटकन समजतो. दोन रूळ म्हणजे दोन इलेक्ट्रोड: एक धन, एक ऋण. गाडी वळसा घालून परत येते तेव्हा डावा रूळ जाऊन उजव्याला मिळतो, म्हणजे धन आणि ऋण थेट जोडले जातात आणि शॉर्टसर्किट होते. त्रिकोणी आखणीतही हेच घडते. उपाय आहे: वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लास्टिकचे जोड घालायचे आणि त्या तुकड्याला वेगळे बटण द्यायचे. डिजिटल पद्धतीत हे काम आपोआप करणारे छोटे यंत्र मिळते. आपली पूर्ण गाडी मात्र त्या कापलेल्या तुकड्यात मावली पाहिजे, नाहीतर उपाय लागू पडत नाही. पहिल्याच रेल्वेला हे लचांड नको असे आमचे मत पडले.

दोन टोकांची लाइन

या तिन्ही आखण्या आम्ही मोजपट्टी घेऊन, आलेखाच्या कागदावर काढून टेबलावर मांडल्या. चहा झाला, चर्चा झाली. आजोबा बराच वेळ कागद फिरवून फिरवून पाहत होते. मग त्यांनी विचारले, "हे सगळं छान आहे, पण गाडी जाणार कुठं?"

प्रश्न साधा होता आणि कुणाजवळच उत्तर नव्हते. तिन्ही कागदांवर गाडी कुठेच जात नव्हती. ती फिरत होती. खरी गाडी एका स्टेशनातून निघते आणि दुसऱ्यात पोचते. मधे तिला थांबावे लागते, परवानगी घ्यावी लागते, डबे जोडावे-तोडावे लागतात. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, सांधेवाला या सगळ्यांना काम मिळते ते गाडी कुठेतरी जात असते म्हणून.

या छंदातल्या जुन्या जाणत्यांनीही हे सांगून ठेवले आहे. जॉन आर्मस्ट्राँग यांचे रुळांच्या आखणीवरचे पुस्तक १९६३ साली निघाले आणि अजूनही वाचले जाते. आधी गाड्यांना काय काम करायचे आहे ते ठरवा, मग रूळ आखा, असा त्यांचा रोख आहे. आमच्या आजोबांनी ते पुस्तक पाहिलेले नव्हते. ते चाळीस वर्षे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्याच मुद्द्यावर आले होते.

दोन टोकांची लाइन भिंतीला लावलेल्या फूट-सव्वा फूट रुंदीच्या फळीवर बसते. सगळीकडे हात पोचतो, आणि खोलीचा मधला भाग मोकळा राहतो, हे घरच्या बायकांनी लगेच ओळखले. वळसा नसल्याने शॉर्टसर्किटचा पेचही नाही. अडचण एकच वाटत होती: दहा-बारा फुटांत गाडी पोचूनच जाते. मग मजा काय?

खंडाळ्याची तऱ्हा

इथे भोर घाट मदतीला आला. मुंबई-पुणे प्रवास आपण अनेकांनी शेकडो वेळा केला असेल, पण घाटातल्या जुन्या लाइनची एक गोष्ट आता फारशी कोणाला आठवत नाही.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. पुण्याकडे जायचे तर सह्याद्री चढणे भाग होते. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाटाची आखणी केली. हजारो मजूर त्यावर राबले आणि त्यांतले कित्येक साथींत दगावले. स्वतः बर्कली १८६२ साली वारले. घाट सुरू झाला २१ एप्रिल १८६३ ला. सुमारे पंचवीस किलोमीटरांत १८०० फुटांहून जास्त चढण, पंचवीस बोगदे आणि सर्वांत कठीण चढ सदतिसात एक.

खंडाळ्याजवळ डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. तेव्हा तिथे उलट फिरण्याचे स्टेशन केले. गाडी सरळ जाऊन एका आंधळ्या टोकाला थांबायची. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी आली त्याच बाजूला, पण वरच्या लाइनने, पुढे निघायची. इंग्रजी व्ही अक्षर आडवे पाडल्यासारखी ही आखणी. कसाऱ्याच्या थळ घाटातही अशीच सोय होती. खंडाळ्याची ही तऱ्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर, पुण्यापर्यंत वीज आली त्या सुमारास, नवीन बोगद्यांच्या मार्गामुळे बंद झाली.

बर्कलींची अडचण आणि आमची अडचण एकच होती: वळायला जागा नाही. मग उपायही तोच. भिंतीच्या एकाच लांबीवर गाडी एकदा डावीकडून उजवीकडे चढते, थांबते, आणि मागच्या वरच्या रुळाने उजवीकडून डावीकडे येते. लांबी जवळजवळ दुप्पट झाली आणि मधे एक सक्तीचा थांबा मिळाला, जिथे प्रत्येकाला काहीतरी करावेच लागते.

आमची फळी

आमची जागा इंग्रजी एल आकाराची: एक भिंत चौदा फूट, दुसरी आठ फूट. फळीची रुंदी सोळा इंच, कोपऱ्यात थोडी जास्त.

लांब भिंतीवर, कोपऱ्यापासून दोन फूट सोडून, पुढच्या बाजूला कर्जत. चार फूट सपाट, एक फलाट, आणि मागून ढकलणाऱ्या इंजिनाला उभे राहायला एक छोटी बगल-लाइन. त्यापुढे तीन फूट चढ. मग सांधा, आणि उजव्या टोकाला चार फुटांची आंधळी लाइन. तिथून मागचा रूळ उलट दिशेने चढत कोपऱ्यातून बावीस इंच त्रिज्येने वळतो आणि आठ फुटांच्या भिंतीवर लोणावळ्याला पोचतो. चढ आम्ही खऱ्या घाटाचाच, सदतिसात एक, ठेवला. लोणावळे कर्जतपेक्षा सुमारे चार इंच उंच आले. एकूण सांधे पाच.

या सगळ्यात एक माप फार महत्त्वाचे: आंधळ्या लाइनीची लांबी. तिच्यात जेवढी गाडी मावते तेवढीच गाडी तुम्ही चालवू शकता. आमच्या मालगाडीत पाच वाघिणी, प्रत्येकी सहा इंच, आणि दोन टोकांना दोन इंजिने, प्रत्येकी सात इंच. एकूण ४४ इंच. चार फूट म्हणजे ४८ इंच. चार इंच हाताशी राहतात. अशी आखणी करणाऱ्यांनी आधी गाडी ठरवावी, ती जमिनीवर उभी करून मोजावी, आणि मगच आंधळी लाइन कापावी.

दोन इंजिने का? कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि तेवढ्या वेळात आपण फलाटावर बटाटेवडा खातो, हे आपल्याला माहीत आहेच. तीच इंजिने आमच्या कामी आली. आंधळ्या टोकाला गाडी थांबली की मागचे इंजिन आपोआप पुढचे होते. सोडून फिरवायची गरज नाही. साध्या डीसी विजेवरही हे चालते, कारण इंजिनाचे तोंड कुठेही असो, एकाच रुळावरची दोन्ही इंजिने एकाच दिशेला जातात. मात्र दोघांचा वेग जुळला पाहिजे, म्हणून एकाच प्रकारची दोन घ्यावीत. वाघिणी हलक्या असल्या तर मधल्यामधे उचलल्या जाऊन पडतात. इथल्या संघटनेचा नियम असा की प्रत्येक वाघिणीचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघीण चार औंसांची हवी. आम्ही आत नट-बोल्ट चिकटवून वजन भरले.

लोणावळ्याला तीन सायडिंग आहेत. ही आखणी इंग्लंडच्या ॲलन राइट यांची, आणि या छंदात प्रसिद्ध आहे. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन, आणि बाहेरच्या तुकड्यावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानेच लावून गाडी तयार करायची. ऐकायला सोपे, करायला वीस मिनिटे. आठांतून पाच क्रमाने लावण्याचे प्रकार ८×७×६×५×४, म्हणजे ६७२० होतात. रोज एक कोडे सोडवले तरी अठरा वर्षे पुरेल!

आपली गाडी मिळते का?

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. भारतीय गाड्यांची तयार मॉडेल इथल्या दुकानात सहसा नसतात. शिवाय आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, इथली १४३५. एचओच्या रुळावर आपला डबा ठेवला तर रूळ अरुंद दिसतो. काटेकोर माप हवे तर अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर लागेल. त्या वाटेला मुलांच्या रेल्वेने जाऊ नये.

एक नाते मात्र खरे आहे. घाटात आणि देशभर वर्षानुवर्षे धावलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मुळात अमेरिकेतल्या आल्को कंपनीचे. पहिली इंजिने १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातून भारतात गेली आणि नंतर ती वाराणसीला बनू लागली. आल्कोच्या जुन्या डिझेलची एचओ मॉडेल इथे मिळतात. त्यांतली दोन आम्ही घेतली. आजोबांनी पाहताच ओळख पटवली, "चेहरा वेगळा आहे, पण घराणं तेच."

कामाची वाटणी

आखणी बरोबर निवडली की माणसांना कामे मिळतात, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या लाइनवर एका फेरीला चार जण लागतात: ड्रायव्हर, गार्ड, आणि कर्जत व लोणावळे येथे एकेक स्टेशन मास्तर. मास्तरच सांधे लावतात. पाचवे मूल चिठ्ठ्या काढते आणि वाघिणींची नोंद वहीत लिहिते. फेरी सुमारे अर्ध्या तासाची, मग कामे बदलायची.

लाइन एकेरी, म्हणून आजोबांनी नियम घातला: पुढच्या स्टेशनने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि ड्रायव्हरच्या हातात टोकन हवे. टोकन म्हणजे आजींची एक जुनी बांगडी. ती ज्याच्या हातात, त्याचीच गाडी. सहा वर्षांची मुलगी बांगडी घेऊन कर्जतहून लोणावळ्याला चालत जाते, आणि ती पोचेपर्यंत तेरा वर्षांचा दादा मुकाट्याने थांबतो.

भाषेसाठी आम्ही वेगळे काही केले नाही. पण काम आजोबांकडून शिकायचे, तर शब्दही त्यांचेच आले. सांधा, फलाट, वाघीण, बगल-लाइन, "गाडी मागं घे", "हळू, आकडा लागू दे", "पुढची लाइन मोकळी आहे का?" वाघिणींचे आकडे मराठीत पुकारायचे असल्यामुळे एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांतला फरक एका महिन्यात पक्का झाला. तो फरक रविवारच्या मराठी शाळेत आम्ही दोन वर्षे शिकवत होतो.

निवडण्यापूर्वी

ज्यांना या हिवाळ्यात रेल्वे करायची आहे त्यांनी फळी आणण्यापूर्वी घरात बसून या गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, रेल्वे कोणासाठी? मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर बिनदिक्कत गोल करा, आणि तो जमिनीवर करा. मुले आठाच्या पुढची असतील, किंवा घरात आजी-आजोबा असतील, तर दोन टोकांची लाइन घ्या. दोन्ही वयांची मुले असतील तर गोलाला बाहेरून एक फाटा काढून शेवटी स्टेशन करता येते.

दुसरी, एका वेळी किती जण खेळणार? जितकी माणसे तितकी कामे आखणीत दिसली पाहिजेत. कागदावर बोट ठेवून "इथे कोण उभे राहील आणि काय करील" हे सांगता आले नाही, तर ती आखणी बाजूला ठेवा.

तिसरी, हात पोचतो का? कडेपासून अडीच फुटांपलीकडे रूळ टाकू नका. मुलांसाठी दोन फूटच धरा. रूळ शक्यतो निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नाही. पितळी रुळांवर बसणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, म्हणून ते सारखे पुसावे लागतात. पुसणे कोणत्याच रुळांना चुकत नाही, तेव्हा बोगद्याचे छप्पर उचलता येईल असे करा. भोर घाटाच्या जुन्या लाइनवर पंचवीस बोगदे होते, आम्ही एकावर भागवले.

चौथी, आखणी आधी पूर्ण मापात जमिनीवर मांडून पाहा. संगणकावर आखणीचे कार्यक्रम मिळतात आणि ते चांगले आहेत, पण मुलांना पडद्यावरचा इंच कळत नाही. एक सांधा विकत आणून तो फोटोकॉपी यंत्राच्या काचेवर ठेवा आणि हव्या तितक्या प्रती काढा. त्या जुन्या वर्तमानपत्रांवर चिकटवून सगळी लाइन बेसमेंटभर पसरा. डबे हातात धरून फेरी मारा. आमच्याकडे दोन शनिवार मुले कागदी रुळांवरच खेळली, आणि बगल-लाइनची जागा त्यांनीच बदलली.

पाचवी, एकदम सगळे करू नका. लोणावळ्याची तीन सायडिंगे ही सहा फुटांची स्वतंत्र रेल्वे आहे. एवढीच केली तरी हिवाळा निघतो. आवडली तर पुढच्या वर्षी घाट जोडा.

सुट्टीत पुण्याला जाणार असाल तर कर्वे रस्त्याजवळचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. किती गाड्या एका वेळी धावतात ते मुले मोजतील. तुम्ही मात्र रुळांकडे पाहा: कोणती गाडी कुठे जाते आणि तिला थांबायला जागा कशी केली आहे.

मार्चमध्ये आजोबा परत गेले. आम्हाला धास्ती होती की आता बांगडी खुंटीवर लागेल. तसे झाले नाही. दर रविवारी सकाळी, म्हणजे पुण्यात संध्याकाळी, त्यांचा फोन येतो. आता चिठ्ठ्या मुले काढत नाहीत; पाच वाघिणींचा क्रम आजोबा सांगतात आणि मुले वहीत उतरून घेतात. गाडी तयार झाली की लोणावळ्याचे मास्तर त्यांना कळवतात. उशीर झाला तर का झाला, याचा जबाब मराठीत द्यावा लागतो.

आमच्या आखणीचा आलेख आणि सामानाची यादी यांच्या प्रती मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, फराळाच्या टेबलाशेजारी ठेवू. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी कार्यकारिणीपैकी कोणालाही सांगावे. शनिवारी दुपारी लाइन चालू असते. येताना मुलांना आणा, आणि आई-वडील आले असतील तर त्यांना तर नक्कीच आणा. कर्जतला मास्तरांची एक जागा रिकामी आहे.